थांबणाऱ्यांचा पिवळा दिवा

चलानाचा मेसेज आला तेव्हा नाना पोह्यांवर लिंबू पिळत होते. टेबलावरचा मोबाइल थरथरला. नानांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, मेसेज वाचला आणि मोबाइल पालथा घालून ठेवला.

"परत?" केतकीने विचारलं.

"पोहे गार होतायत तुझे."

केतकीने हात लांब करून मोबाइल उलटा केला. पाण्याची टाकी चौक. सिग्नल तोडला. दंडाचा आकडा नेहमीचाच होता, पण खाली लाल अक्षरांत एक नवी ओळ आली होती: यापुढील उल्लंघन आढळल्यास शालेय वाहतुकीचा परवाना रद्द करण्यात येईल.

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर माणसाने सिग्नल तोडायचा, वर पोह्यांची काळजी करायची!

आणि माणूस तरी कोण? मुरलीधर रणपिसे. अख्खी हयात एसटीच्या स्टेअरिंगमागे गेली, घाट झाले, धुकं झालं, जत्रेच्या जादा गाड्या झाल्या, पण गाडीला ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून शोकेसमध्ये होता आणि आई तो दर दिवाळीला चिंचेने घासायची. निवृत्तीनंतर नानांनी शाळेची व्हॅन घेतली, तर मंगळनेरातले पालक 'आमचं पोरगं नानांच्याच गाडीत घ्या' म्हणून रांग लावायचे. असा माणूस गेल्या वर्षभरात शहरातला नामांकित सिग्नलतोड्या झाला होता. पालकांच्या मोबाइलवर गाडीचं प्रत्येक चलान दिसायचं. दोन पालकांनी पोरं काढूनही नेली होती.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की ही चलानं केतकीच्याच कार्यालयातून सुटत होती. ती शहराच्या सिग्नल केंद्रात अभियंता होती, आणि चौकाचौकांत 'चौकस' नावाचा स्वयंचलित सिग्नल बसवणाऱ्या चमूत पहिल्या दिवसापासून होती.

"बापाला चलान धाडणारी पोरगी," आई कढईतले उरलेले पोहे वाढता वाढता म्हणाली. "नशीब काढलं म्हणायचं."

"आई, मी नाही धाडत. चौकस धाडतो. नाना, एक विचारू? रागावू नका. पिवळा दिवा दिसतो ना तुम्हाला नीट?"

"मला पिवळा दिसतो," नाना म्हणाले. "त्याला मी दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वी पिवळा लागला की माणूस मनात म्हणायचा, चला, थांबू आता. आणि थांबायचा. आता 'चला' म्हणेपर्यंत लाल होतो."

केतकीने कपाळाला हात लावला. हे वाक्य ती केंद्राच्या तक्रार खिडकीवर रोज ऐकत होती. चलान मिळालेला प्रत्येक माणूस हेच म्हणायचा. निदान घरात तरी हे ऐकावं लागू नये, एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

चौकस काय करतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. जुने सिग्नल आंधळे होते. समोर कोण येतंय, किती वेगात येतंय, त्यांना काही पत्ता नसायचा. सगळ्यांना सारखाच पिवळा, साधारण तीन सेकंदांचा. पण प्रत्येक चौकाच्या अलीकडे रस्त्याचा एक दुष्ट तुकडा असतो. पिवळा लागताना तुम्ही त्या तुकड्यात असलात, तर थांबायला फार जवळ असता आणि पार व्हायला फार लांब. अभियंते त्याला द्विधा पट्टा म्हणतात. एक जण थांबतो, मागचा घुसतो, आणि चौकातले निम्मे अपघात या एका तुकड्यात होतात.

चौकस या तुकड्यावर नजर ठेवायचा. खांबावरचं रडार लांबूनच प्रत्येक गाडीचा वेग मोजायचं आणि तो वाढतोय की उतरतोय, हे पाहायचं. त्यावरून चौकस एकाच प्रश्नाचं उत्तर काढायचा: ही गाडी थांबणार की घुसणार? घुसणारी असेल, तर ती पार होईपर्यंत हिरवा धरून ठेवायचा, उगाच टक्कर नको. थांबणारी असेल, तर पिवळा लवकर आटपायचा. जो थांबायचं ठरवूनच बसलाय, त्याच्यासाठी सेकंद कशाला वाया घालवायचे? असे वाचलेले सेकंद आडव्या रस्त्याला मिळायचे. हिशेब देखणा होता आणि खराही ठरला. अपघात घटले, रुग्णवाहिका वेळेवर पोचू लागल्या, शहराला पारितोषिक मिळालं. केंद्राच्या भिंतीवर केतकीचे साहेब फडतरे ढाल घेऊन उभे आहेत असा फोटो होता. त्यात कडेला केतकीचा अर्धा चेहरा आला होता.

मंगळनेरच्या पोरांना चौकसची नस सापडायला महिनाही लागला नाही. सिग्नलवर अंगावर धावून जायचं, की हिरवा राहतो! 'सिग्नलला धाक दाखवणे' असा नवा वाक्प्रचारच गावात रूढ झाला. कॉलेजची पोरं धाक दाखवायची, रिक्षावाले दाखवायचे, आणि अलीकडे तर बँकेत जाणारे सभ्य गृहस्थसुद्धा चौक आला की दात आवळून ॲक्सिलरेटर पिळायचे. फडतरे साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणायचे, "टक्कर होतेय का? नाही ना? मग जाऊ दे."

तेव्हा, चौकस चुकत नाही, म्हणजे नाना चुकतात, असा केतकीचा सरळ हिशेब होता. ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नानांची नजर तपासली आणि उलट केतकीलाच चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलं. मग तिने घरी एक पट्टी उभी धरली आणि नानांच्या बोटांमधून सोडली, हात किती चटकन आवळतो ते बघायला. नानांनी ती अलगद पकडली. केतकीच्या हातून ती तीनदा जमिनीवर पडली. आई हसून हसून बेजार झाली.

"मग तुमचं लक्ष नसतं," केतकी चिडून म्हणाली. "काहीतरी विचारात असता. वय होतं माणसाचं, नाना, त्यात लाजायचं काय? दिवाळीनंतर गाडी विकून टाकू."

हसणं थांबलं. नानांनी पट्टी टेबलावर ठेवली, अगदी कडेला समांतर.

"गाडी चालवायला तू कोणाकडून शिकलीस गं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि किल्ली उचलून ते संध्याकाळच्या फेरीला गेले.

*

त्या आठवड्याच्या बैठकीत फडतरे साहेबांनी पडद्यावर एक आलेख लावला. जुन्या जकात नाक्याच्या चौकातली चलानं. आठवडाभर रेष सपाट, आणि शनिवारी एकदम डोंगर.

"मंगळनेरची माणसं शनिवारी बेशिस्त होतात," साहेबांनी निष्कर्ष काढला. "सुट्टीचा मूड. शनिवारी तिथे खास पथक उभं करा."

केतकीला हसू आलं नाही, कारण पथकाचं नियोजन तिच्याच गळ्यात पडणार होतं. ती जागेवर आली, चहा मागवला आणि शनिवारचं चित्रण लावून बसली. चलान झालेली गाडी, मग दुसरी, मग तिसरी. एक बाई स्कूटरवर. एक म्हातारा लुनावर. एक टेम्पो. सगळे चौकाच्या अलीकडे वेग कमी करत होते, मग दिवा झपकन लाल व्हायचा, आणि ते बावचळून चौकाच्या मधोमध. वेग कमी करून वर सिग्नल तोडायचा, असं कोण करतं?

तिने चित्र मोठं केलं. स्कूटरवरच्या बाईचा डावा हात छातीशी होता. म्हाताऱ्याचाही. टेम्पोवाल्याने तर मान झुकवून ओठांना बोटं लावली होती.

केतकी खुर्चीत मागे रेलली आणि चहा तसाच निवत राहिला. जकात नाक्याच्या कोपऱ्यावर मारुती आहे. शनिवारी येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथे गाडी जराशी हळू करतो, छातीला हात लावतो आणि पुढे जातो. थांबत कोणीच नाही. पण चौकसला मारुती काय ठाऊक! वेग उतरला, म्हणजे थांबणार, हे त्याने गृहीत धरलं आणि पिवळा आटपला. थांबायचं मनात नसलेला माणूस लालात सापडला. त्याच चौकात इतर वेळी बेदरकार घुसलेल्या मोटारसायकलींना मात्र चौकसने हिरवा धरून ठेवला होता.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग लगेच तिला नाना आठवले.

नाना देव मानत नसत. जत्रेच्या जादा गाड्या चालवून चालवून देवाशी आपलं बोलणंच संपलं, असं ते सांगायचे. तरी तिने त्यांच्या चलानांची चित्रं काढली. हात स्टेअरिंगवर घट्ट, नमस्कार वगैरे काही नाही. पण वेगाची रेष मारुतीपुढच्या रेषेसारखीच, प्रत्येक चौकाच्या अलीकडे हळूच उतरलेली. नाना कोणाला नमस्कार करत होते?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्हॅनमध्ये नानांच्या शेजारी जाऊन बसली. नानांनी गाडी काढली. मागे पोरांचा कलकलाट होता, डब्यांचे वास होते आणि झीनत नावाची दुसरीतली मुलगी सगळ्यांना पाढे म्हणायला लावत होती.

पाण्याची टाकी चौक दिसू लागला. सिग्नल हिरवा होता. नानांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद उठला आणि ब्रेकवर, ब्रेक न दाबता, जाऊन राहिला.

"पाय का काढलात?"

"चौक आहे ना."

"हिरवा आहे, नाना!"

"हिरवा आपल्याला आहे. आडव्या येणाऱ्याने त्याचा लाल बघितलाय की नाही, मला काय माहीत? पाय ब्रेकवर असला की निम्मं काम झालेलं असतं. पहिल्या दिवशी डेपोत हेच शिकवलं होतं."

केतकीला एकदम सगळं उलगडलं. ती तोंड उघडणार, एवढ्यात पिवळा लागला. तिला तो पहिल्यांदाच नानांच्या सीटच्या बाजूने दिसत होता. आणि आणखी एक चलान म्हणजे परवाना गेला, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"ब्रेक! नाना, ब्रेक मारा!"

नानांनी ब्रेक मारला. व्हॅन रेषेच्या आत कचकन उभी राहिली. मागे डबे घरंगळले, कोणीतरी किंचाळलं आणि पाढे थांबले. झीनत पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली होती. तिच्या नाकातून रक्ताची बारीक धार येत होती.

नानांनी हँडब्रेक ओढला, मागे गेले, तिचं डोकं पुढे झुकवून रुमाल नाकाशी धरला आणि तिच्याशी सतराच्या पाढ्याबद्दल बोलत राहिले. मागून लोक हॉर्न बडवत होते. फार लागलं नव्हतं. रक्त थांबलं. पण नाना परत स्टेअरिंगवर बसले, ते शाळेपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाहीत.

पोरं शाळेत उतरली, झीनतला बाईंच्या ताब्यात दिलं, तिच्या घरी फोन झाला. मग नाना गाडीतच बसून राहिले.

"म्हणून मी जातो, केतू," ते म्हणाले. "त्या जागेवरून थांबायचं तर असाच ब्रेक मारावा लागतो. मागे पोरं आपटतात. त्यापेक्षा हळूच पार होतो. चलान माझ्या नावावर येतं, ते चालतं. पोराचं नाक फुटलेलं नाही चालत."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस."

केतकीला रडू आलं. आपण आरडाओरडा केला नसता तर ते पोर आपटलं नसतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि नाना ते बोलून दाखवत नव्हते, याचा त्रास अधिक होत होता.

"शुक्रवारी शेवटची फेरी," नाना म्हणाले. "असं नाही चालवता येणार मला. पालकांना तू कळव. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

*

"रणपिसे, मला एक सांगा," फडतरे साहेब शांतपणे म्हणाले. "चौकस चुकला का? तुमचे वडील वेग कमी करतात, हे त्याने बरोबर ओळखलं की नाही?"

"ओळखलं, सर. आणि ओळखून त्यांचाच पिवळा कापला. जो सांभाळून येतो त्याला कमी वेळ, आणि जो अंगावर येतो त्याला जास्त. आपण शहाण्या माणसांकडून सेकंद काढून घेतोय आणि दांडगटांना वाटतोय!"

"अपघात कमी झाले ना?"

"झाले."

"मग?"

या 'मग'वर केतकीकडे उत्तर होतं, पण ते साहेबांच्या आलेखात बसणारं नव्हतं. सगळ्यांना पूर्ण पिवळा दिला तर वाहतुकीच्या प्रवाहाचा निर्देशांक घसरेल, आणि घसरला तर पुढच्या टप्प्याचा निधी थांबेल, असं साहेबांनी तिला समजावून सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना आकडे आवडायचे आणि ते चांगले आले होते, एवढंच.

"वडिलांना सांगा, पाय उचलू नका म्हणावं," ते म्हणाले. "इतकं सोपं आहे."

केतकीने भिंतीवरच्या ढालीच्या फोटोकडे पाहिलं. तिला तो काढून खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला. त्याऐवजी ती 'ठीक आहे सर' म्हणून बाहेर आली, आणि त्याबद्दल स्वतःवरच चडफडत राहिली.

एका सांभाळून चालवणाऱ्या माणसाच्या पायासाठी जे होऊ शकत नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी झालं. जकात नाक्याच्या मारुतीच्या भक्त मंडळाला शनिवारच्या डोंगराचा सुगावा लागला होता. पन्नासेक माणसं भगवे गमछे घालून केंद्राच्या दारात येऊन बसली. 'नमस्काराला दंड?' असा फलक होता. त्यांच्यात नगरसेवक होते, आणि नगरसेवकांच्या खिशात स्वतःचं चलान होतं. फडतरे साहेबांना घाम फुटला. मंडळाला चहा गेला, आणि चहा संपेपर्यंत 'श्रद्धास्थळ शिथिलता' जन्माला आली. ज्या चौकात श्रद्धास्थळ असेल, तिथे पिवळा कापायचा नाही. सगळ्यांना पूर्ण मिळणार. सगळ्या धर्मांना लागू.

"यादी मागवू का सर, श्रद्धास्थळांची?" केतकीने विचारलं.

साहेब दचकले. "यादी? वेड लागलंय का? निम्मी बांधकामं अनधिकृत आहेत. यादीत नाव घातलं की ती अधिकृत झाली म्हणून नाचतील, वगळलं तर दगडफेक. यादीबिदी काही नको. कॅमेऱ्यालाच ओळखू दे."

"कॅमेऱ्याला?"

"शेंदूर, झेंडा, चादर, क्रूस, फुलं, हार. शिकवा त्याला. उद्यापर्यंत."

म्हणून केतकीने शिकवलं. दातओठ खात, संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून तिने चौकसला शेंदूर ओळखायला शिकवला, दर्ग्याची हिरवी चादर शिकवली, पिंपळाच्या पाराखालचे नारळ शिकवले. चौकस हुशार विद्यार्थी होता. त्याने सगळं पटापट आत्मसात केलं.

रात्रीच्या जेवणाला तिने ही हकिकत सांगितली, तेव्हा नानांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"म्हणजे देवाला हात केला तर पूर्ण पिवळा," ते म्हणाले. "आणि पोरांसाठी पाय उचलला तर अर्धा."

"हो."

"टाकीच्या चौकात देव नाही."

"नाही, नाना."

"बरं," नाना म्हणाले आणि ताक प्यायले. त्यांनी आदळआपट केली असती, तर केतकीला बरं वाटलं असतं.

*

शुक्रवारी भर दुपारी, उन्हात, सिग्नल केंद्राचं केशरी जाकीट आणि हेल्मेट घालून केतकी टाकीच्या चौकात उतरली. महापालिकेसारखं जाकीट अंगात असलं की माणसाला रस्त्यावर काहीही करता येतं, हे ती नोकरीत शिकली होती. पाइपलाइनसाठी खणलेल्या रस्त्याच्या कडेला दगडांचा ढीग होता. तिने त्यातला एक बसका, खांद्यात रुंद असा दगड निवडला, ढकलत ढकलत सिग्नलच्या समोरच्या कोपऱ्यावर आणला आणि मातीत पक्का रोवला. मग पिशवीतून डबी काढली. सकाळी देवघरातला शेंदूर मागितला तेव्हा आईने कशाला, असं विचारलंच नव्हतं. फक्त म्हणाली होती, "तेलात कालव. नुसता लावलास तर उडतो."

केतकीने तो बोटांनीच लावला. ब्रश आणायचं तिला सुचलं नव्हतं. अभियांत्रिकीत विद्यापीठात पहिली आलेली मुलगी उकिडवी बसून दगडाला शेंदूर फासत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिला फक्त राग आला होता, चौकसचा, साहेबांचा, ढालीचा, आणि सगळ्यात जास्त त्या पट्टीचा, जी तिने नानांच्या बोटांमधून सोडली होती.

"कोणता मारुती हा, मॅडम?" वाहतूक पोलिसाने मागून विचारलं.

केतकीने डबीचं झाकण लावलं. "टाकीचा," ती म्हणाली.

"जुना असेल."

"खणताना निघाला."

पोलिसाने टोपी काढली आणि हात जोडले. त्याच्यामागोमाग एक स्कूटरवाला हळू झाला, छातीला हात लावून पुढे गेला. शेंदूर अजून वाळलाही नव्हता. कोपऱ्यावरच्या फुलवालीने कोणी न सांगता रुईची माळ आणून घातली, आणि केतकीने तिला पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

केतकीने जाकिटातून टॅब काढला. चौकसच्या पडद्यावर टाकी चौकाचं चित्र होतं आणि दगडाभोवती हिरवी चौकट. श्रद्धास्थळ आढळले. पिवळा दिवा: पूर्ण.

तिला हसू फुटलं. नानांच्या सगळ्या आयुष्याच्या पायावर ज्याचा विश्वास बसला नव्हता, त्याचा तिने आत्ता रोवलेल्या दगडावर बसला होता. हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं. बरोबर काय ते तिने साहेबांना सांगून पाहिलं होतं.

*

शाळा सुटली तेव्हा ती फाटकाशी उभी होती. नानांनी तिला पाहिलं आणि शेजारच्या सीटवरची पाण्याची बाटली उचलून जागा करून दिली.

"काय, निरोप समारंभाला आलीस?"

"सहज."

झीनत नाकावर पट्टी लावून दिमाखात चढली. व्हॅन निघाली. नाना नेहमीच्याच वेगात होते. शेवटची फेरी म्हणून हळू नाही की भरधाव नाही. टाकीचा चौक आला. सिग्नल हिरवा. नानांचा पाय उठला आणि ब्रेकवर जाऊन राहिला.

पिवळा लागला.

केतकीने ओठ घट्ट मिटून घेतले. पिवळा तसाच होता. नानांनी ब्रेकवर हलकेच भार दिला. पिवळा अजून होताच. व्हॅन सावकाश मंदावत गेली आणि रेषेच्या आत, दूध उतू न देता पातेलं उतरवावं तशी, उभी राहिली. मग लाल लागला. मागे झीनतचा पाढा चालूच होता. गाडी थांबली, हे पोरांच्या लक्षातही आलं नव्हतं. बाजूला एक मोटारसायकलवाला धाक दाखवत आला होता, तोही समोर व्हॅन थांबलेली पाहून करकचून थांबला आणि पुटपुटला.

नाना दिव्याकडे बघत राहिले.

"नाना, ते काय आहे नवीन?" झीनतने खिडकीतून बोट दाखवलं. "सकाळी तर नव्हतं!"

नानांनी वळून पाहिलं. शेंदूर, रुईची माळ, एवढ्यात कोणीतरी लावलेली उदबत्ती. मग त्यांची नजर केतकीच्या मांडीवरच्या हातांवर आली. तिने बोटं मुडपून घेतली, पण नखांत केशरी रंग गच्च बसला होता.

"येड्यांचं गाव आहे," नाना समोर बघत म्हणाले.

बराच वेळ लाल होता. मागे सतराचा पाढा संपून अठराचा सुरू झाला.

"पालकांना कळवलंस का?" नानांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग राहू दे."

हिरवा लागला. नानांनी दोन्हीकडे बघितलं, गिअर टाकला आणि क्लच सोडता सोडता म्हणाले, "आणि केतू, तो रंग साबणाने नाही जायचा. घरी गेल्यावर खोबरेल लाव."